चिखलातलं जंगल आणि कागदावरचं जंगल

ठाण्याहून पूर्व द्रुतगती महामार्गाने मुंबईकडे निघालं की भांडुप-कांजूर ओलांडल्यावर डाव्या हाताला मधूनमधून एक हिरवी भिंत दिसायला लागते. तिवरांची. ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर ती जरा नीट दिसते, आणि विक्रोळीला अडकायला होतंच. मी ऑफिसातल्या पाच-सहा जणांना विचारलं की हे जंगल कुणाचं? सगळ्यांचं उत्तर एकच: "फॉरेस्टचं असेल. नाहीतर बीएमसीचं."

त्यातला मोठा भाग एका कंपनीचा आहे. गोदरेज. विक्रोळीची त्यांची जमीन तीन हजार एकरांच्या वर, आणि त्यातलं सुमारे १७५० एकर हे कांदळवन. अंदाज यावा म्हणून सांगतो: पवईचं आयआयटीचं अख्खं आवार साधारण ५५० एकर आहे. म्हणजे तीन आयआयटी मावतील एवढा चिखल आणि झाडं, तीही मुंबईत, तीही खाजगी.

आता प्रश्न असा की ज्या शहरात माणसं बाल्कनीसुद्धा आत ओढून घेतात, तिथे हे रान टिकलं कसं? गप्पांत दोन उत्तरं मिळतात. पहिलं, मालक भला माणूस होता. दुसरं, मालक भाव वाढायची वाट बघतोय. मला दोन्ही अर्धवट वाटतात. या जमिनीचे जुने व्यवहार आणि कोर्टाचे निकाल वाचत गेलं तर एक वेगळीच गोष्ट समोर येते, आणि तिचा नायक एक शब्द आहे. 'पडीक'.

थोडं मागे जाऊया. साष्टी बेट १७३९ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलं आणि १७७४ साली ते इंग्रजांच्या हाती गेलं. कंपनी सरकारला हवा होता सारा, आणि साष्टीचा बराच भाग सारा देत नव्हता. डोंगर, झुडपं, खारजमीन. मग कंपनीने एक युक्ती काढली: मुंबईतल्या धनिक व्यापाऱ्यांना गावंच्या गावं द्यायची आणि लागवड त्यांच्या गळ्यात घालायची. आजच्या भाषेत आउटसोर्सिंग. उपनगरांतल्या अनेक मोठ्या पारशी इस्टेटींचा उगम यात आहे.

पवई-विक्रोळीच्या बाजूला आले फ्रामजी कावसजी बनाजी. धोबीतलावाला त्यांच्या नावाचा हॉल आहे, तेच हे. १८३० च्या आसपास त्यांनी पवईला ऊस लावला, रेशमासाठी तुती लावली, विहिरी खोदल्या. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तिथे जाऊन तोंडभरून कौतुक केलं. आणि १८३५ साली सरकारने विक्रोळीकडची जमीन फ्रामजींना कायमच्या पट्ट्याने दिली. कारण? बरीचशी जमीन पडीक आहे आणि अर्जदार ती लागवडीखाली आणू इच्छितो.

इथे थांबून विचार करा, की पडीक कुणाच्या दृष्टीने? खाडीकाठच्या कोळ्यांना त्या चिखलातून मासळी, निवट्या, खेकडे मिळत होते. चुलीला तिवराची लाकडं होती, गुरांना पाला होता. आगरी समाजाचं तर नावच आगरावरून, म्हणजे मिठागरावरून आलं. खारजमिनीवर पोट असलेली माणसं तिथे होती, फक्त त्यांचं उत्पन्न कलेक्टरच्या वहीत बसत नव्हतं. ज्याचा कॉलम नाही ते शून्य! (डेटाबेस डिझाइन करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.)

असो. पट्टा मिळाला, शंभरेक वर्षं गेली. या इस्टेटीचे पुढे तुकडे होत गेले. १८९१ च्या सुमारास पवईला धरण बांधून तलाव केला गेला, तो पाणीपुरवठ्यासाठी. पाणी पिण्यालायक निघालं नाही ही गोष्ट वेगळी. आणि १९४० च्या दशकात विक्रोळीची जमीन पिरोजशा गोदरेज यांनी घेतली. लालबागला कुलपांपासून सुरू झालेला कारखाना तिथे मावेनासा झाला होता. त्या काळी विक्रोळी म्हणजे मुंबईच्या बाहेर. लालबाग सोडून इथे यायचं म्हणजे लोकांना ते वेडच वाटलं असणार. पण कारखाने आले, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्या इथे बनल्या, कामगारांची वसाहत झाली, १९५५ साली उदयाचल शाळा सुरू झाली. रेल्वे आणि आजचा हायवे यांच्या मधल्या पट्ट्यात हे सगळं बसलं. हायवेच्या पलीकडे खाडीपर्यंत उरला तो चिखल.

आणि मग तो शब्द परत आला.

१९५१ साली साष्टीतल्या जुन्या इस्टेटींचे विशेष हक्क संपवणारा कायदा झाला. त्यात एक तरतूद अशी होती की १४ ऑगस्ट १९५१ पूर्वी वापरात न आणलेली पडीक जमीन सरकारची. गंमत बघा. १८३५ साली जमीन पडीक होती म्हणून मिळाली, आणि आता पडीक ठरली तर जाणार! कंपनी १९५३ साली कोर्टात गेली. १९६२ साली संमतीने हुकूमनामा झाला, आणि त्यात असं ठरलं की विक्रोळीच्या वादातल्या जमिनींपैकी फक्त ३१ गुंठे सोडून बाकी काही पडीक नाही. एकतीस गुंठे! एकरसुद्धा नाही. तरी प्रकरण मिटलं नाही. १९७३ साली राज्य सरकारने विक्रोळीच्या जमिनीवर मालकी सांगणारा नवा दावा लावला आणि तो वर्षानुवर्षं चालत राहिला.

माझा अंदाज असा की कांदळवन टिकण्यात या खटल्यांचा हात आपण समजतो त्यापेक्षा मोठा आहे. ज्या जमिनीच्या मालकीवर सरकारचा दावा आहे ती घाईने भराव घालून विकता येत नाही. त्यात भूगोलाची भर. मुंबईने समुद्राकडे तोंड केलं आणि खाडीकडे पाठ. पश्चिम किनाऱ्यावर भराव पडले, कारण तिथे 'सी व्ह्यू' विकला जात होता. पूर्व किनाऱ्याला मिळाली मिठागरं, रिफायनऱ्या, गोदामं, कचरा. खाडीच्या चिखलाकडे बघायला कुणी पैसे देत नव्हतं. (आता देतात. फ्लेमिंगो आल्यापासून 'क्रीक व्ह्यू' हा शब्द बिल्डरांच्या जाहिरातींत आला.)

पण नुसतं दुर्लक्ष झालेली खाजगी जमीन या शहरात रिकामी राहत नाही, हेही खरं. कुणीतरी राखावं लागतं. इथे श्रेय द्यायला हात आखडता घेऊ नये. १९८५ साली गोदरेज कुटुंबाच्या फाउंडेशनने कांदळवनासाठी सागरी परिसंस्था केंद्र सुरू केलं. खारफुटी अशी राखायची आणि अभ्यासायची ही कल्पना तेव्हा मुंबईत फॅशनमध्ये नव्हती. तिवर म्हणजे डास आणि दुर्गंधी, हीच सर्वसाधारण समजूत होती. किनारपट्टीचा सीआरझेडचा नियम येऊन खारफुटीला कडक संरक्षण मिळालं ते १९९१ साली, म्हणजे सहा वर्षांनी. आज त्या रानात खारफुटीच्या आणि तिच्या सोबतीने वाढणाऱ्या सोळा प्रजाती आहेत आणि दोनशेच्या वर पक्ष्यांची नोंद झाली आहे.

तिवराचं झाड पाहिलंय का जवळून? चिखलात हवा नसते, म्हणून त्याची मुळं उलटी वर येतात, पेन्सिली रोवून ठेवल्यासारखी, आणि त्यांतून झाड श्वास घेतं. भरतीचं पाणी या पेन्सिलींमध्ये अडखळतं, त्याचा जोर मोडतो, गाळ खाली बसतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मिठीच्या काठचं तिवर आपण काय गमावलंय ते शहराला कळलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटी तोडायला मनाई केली, मालक कुणीही असो. २०१८ च्या अंतिम निकालात तर खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर घाला आहे, इथवर न्यायालय गेलं.

हे झालं चिखलातलं जंगल. आता कागदावरचं. ही माझी आवडती कथा, कारण ती अगदी आपल्या धंद्यातली वाटते.

१९५६-५७ च्या सुमारास मुंबई सरकारने मुलुंड, विक्रोळी आणि इतर भागांतल्या अनेक खाजगी डोंगराळ जमिनींच्या मालकांच्या नावे भारतीय वन कायद्याखाली नोटिसा काढल्या. आशय असा की तुमच्या जमिनीवर झाडतोडीला वगैरे बंदी का घालू नये, कारण दाखवा. पुढे? काही नाही. सुनावणी नाही, आदेश नाही. काही नोटिसा तर मालकाला मिळाल्या की नाही हेच सिद्ध होईना. तिकीट उघडलं आणि तसंच ठेवून दिलं.

मग १९७५ साली महाराष्ट्राने खाजगी वनं ताब्यात घेण्याचा कायदा केला. त्यातल्या व्याख्येनुसार जिच्याबद्दल अशी नोटीस 'काढली' गेली ती जमीन खाजगी वन, आणि ३० ऑगस्ट १९७५ पासून ती आपोआप सरकारची. म्हणजे एक बॅच जॉब लिहिला गेला, त्याने जुनी सगळी उघडी तिकिटं उचलली, आणि त्याचं आउटपुट तीस वर्षं कुणी बघितलंच नाही. दरम्यान विकास आराखड्यात त्यातल्या जमिनी निवासी दाखवल्या गेल्या, पालिकेने नकाशे मंजूर केले, इमारती उभ्या राहिल्या, विक्रोळीत डोंगराच्या बाजूला गोदरेजच्याही राहिल्या, माणसं राहायला आली.

२००० नंतरच्या दशकात एका जनहित याचिकेच्या निमित्ताने वनांच्या नोंदी अद्ययावत करायची वेळ आली, आणि मुलुंडच्या फ्लॅटधारकांना एके दिवशी कळलं की आपण जंगलात राहतो. कागदावर 'खाजगी वन' असा शेरा! ज्यांनी पंधरा-वीस वर्षांचं गृहकर्ज काढलं होतं त्यांच्या पोटात काय कालवाकालव झाली असेल, हे इथल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. २००८ साली उच्च न्यायालयात ते हरले. अखेर ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, गोदरेज आणि इतरांच्या अपिलांवर, निकाल फिरवला: अर्धशतक लटकत ठेवलेली, शेवटाला न नेलेली नोटीस जमिनीला वन बनवू शकत नाही, आणि ज्या सरकारी यंत्रणांनी एवढी वर्षं परवानग्या दिल्या त्यांना आता अचानक जंगल आठवून चालणार नाही.

निकाल मला न्याय्य वाटतो. पण एक खटकतं. ते डोंगर एके काळी खरोखर झाडीचे होते आणि त्यांचं रक्षण करायची इच्छा कुणाला तरी १९५६ मध्ये झाली होती. ती इच्छा एका टेबलावर अडकली, आणि पन्नास वर्षांनी तिची शिक्षा ज्यांना भोगावी लागणार होती त्यांनी एकही झाड तोडलं नव्हतं. जुलै २०२१ मध्ये विक्रोळीच्या सूर्यानगरात दरड कोसळून माणसं गेली. डोंगरउतारावर घर बांधायची वेळ कुणावर येते, हा प्रश्न कुठल्याच नोटिशीत नव्हता.

आता शेजारी बघू, म्हणजे चित्र पूर्ण होईल. जुन्या पवई इस्टेटीच्या परिसरात पुढे काय झालं? १९८६ साली राज्य सरकार, एमएमआरडीए आणि जमीनमालक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. सुमारे २३० एकर जमीन विकासासाठी नाममात्र भाड्याने, अट एवढीच की घरं ४० आणि ८० चौरस मीटरची, सामान्य माणसाला परवडतील अशी. तिथे उभं राहिलं ते हिरानंदानी गार्डन्स. रोमन खांब, रुंद पदपथ, भरपूर झाडं. आपल्यातले अर्धे लोक तिथे कधी ना कधी कॉफी प्यायलेत. २०१२ साली उच्च न्यायालयाने आदेश दिला की ती राहून गेलेली परवडणारी घरं आधी बांधा. म्हणजे तिथली हिरवाई जपलेली नाही, ती नव्याने लावलेली आहे, आणि तिचं भाडं घराच्या किमतीत वसूल होतं.

आणि दुसऱ्या बाजूला कांजूरमार्ग. खाडीकाठ तोच, पण जमीन सरकारी. २००५ च्या आदेशानंतर २००८ साली तिथली खारफुटी संरक्षित वन म्हणून जाहीर झाली, आणि २००९ साली त्यातून सुमारे १२० हेक्टर वगळलं गेलं, ते डम्पिंग ग्राउंडसाठी. मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ते वगळणंच रद्द केलं. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. मधल्या काळात कन्नमवार नगरच्या लोकांनी खिडक्या बंद ठेवून जगायची सवय केली. खाडीच्या सर्वांत जवळ म्हाडाच्या छोट्या घरांतली ही माणसं, आणि त्यांच्या वाट्याला एका अंगाला मुंबईतलं उत्तम रान आणि दुसऱ्या अंगाने कचऱ्याचा वास.

तर मुद्दा असा, की 'सरकारी म्हणजे सुरक्षित, खाजगी म्हणजे धोक्यात' हे आपलं गृहीतक विक्रोळीत उलटं पडतं. म्हणून काही मित्र लगेच म्हणतात, मग द्या ना सगळी जंगलं कंपन्यांना! मी त्या गाडीत बसत नाही. कारण खाजगी रानाला दार असतं, आणि दारावर वॉचमन. तिथे शाळेच्या सहली जातात, अभ्यासक जातात, परवानगी काढून. ते रानाच्या भल्याचंच असेल. पण ज्यांचे पणजोबा तिथे निवट्या धरत होते त्यांना आता पाहुणा म्हणून जावं लागतं, हा इतिहास सीएसआरच्या अहवालात येत नाही. शिवाय त्याच कंपनीच्या विक्रोळीतल्या सुमारे तीनशे एकरांवर अतिक्रमण असल्याचं वर्तमानपत्रांत आलं होतं. अतिक्रमण हा शब्द कायद्याने बरोबर आहे. पण तिथे राहणारी माणसं कारखान्यांच्या या पट्ट्यात कामालाच आली असणार, आणि वसाहतीत सगळ्यांना जागा नव्हती.

दुसरं कारण जास्त तांत्रिक आहे. अमेरिकेतल्या वाचकांना लँड ट्रस्ट माहीत असतील. १८९१ साली मॅसॅच्युसेट्समध्ये चार्ल्स एलियटच्या पुढाकाराने अशी पहिली संस्था निघाली. आज तिथे मालक आपल्या जमिनीवर कायमचं बंधन लिहून देऊ शकतो की इथे बांधकाम होणार नाही. बदल्यात करसवलत मिळते आणि जमीन विकली, वाटली, वारसाला गेली तरी बंधन जमिनीला चिकटून राहतं. (तिथेही ही सवलत श्रीमंतांच्याच जास्त कामी येते, अशी टीका आहेच.) आपल्याकडे यासाठी वेगळा कायदा नाही. त्यामुळे विक्रोळीचं रान आज उभं आहे ते दोन खांबांवर: सीआरझेड आणि न्यायालयाचे आदेश हा एक, मालकाची मर्जी हा दुसरा. पहिला खांब सरकार बदलू शकतं आणि दुसरा वारस.

दोन्ही गोष्टींची चुणूक अलीकडेच दिसली. बुलेट ट्रेनच्या बोगद्यासाठी विक्रोळीतली सुमारे दहा एकर जमीन घेताना कंपनीने भरपाई आणि प्रक्रियेवर आक्षेप घेतले. फेब्रुवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने सार्वजनिक हिताचा प्रकल्प म्हणून याचिका फेटाळली, सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. ही जागा कारखान्यांच्या बाजूची, खारफुटीची नव्हे. पण त्याच प्रकल्पाच्या मार्गातली वीस हजारांच्या आसपास खारफुटीची झाडं तोडायला डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयानेच परवानगी दिली होती, तीही सार्वजनिक हित म्हणून. आणि ३० एप्रिल २०२४ रोजी गोदरेज कुटुंबाची वाटणी जाहीर झाली. मुंबईतली जमीन गेली जमशेद गोदरेज यांच्या बाजूला. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत चर्चा होती ती हजारेक एकरांची, ज्यावर बांधकाम होऊ शकतं. कांदळवन त्यात ओझरतं येत होतं, 'विकसित न होऊ शकणारं' म्हणून.

समोरची खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ साली रामसर यादीत गेली, त्यामुळे निदान पाण्याच्या बाजूने आता पहारा आहे.

मिठागरांचा विषय मी मुद्दाम यात ओढला नाही. ३० सप्टेंबर २०२४ ला राज्य मंत्रिमंडळाने कांजूर, भांडुप आणि मुलुंडची २५५.९ एकर मिठागरं धारावीच्या पुनर्वसनातल्या घरांसाठी वापरायला मंजुरी दिली, आणि त्या मिठागरांची नावंच आर्थर, जेंकिन्स, जमास्प अशी आहेत. मालकी केंद्राची, घाम आगऱ्यांचा. त्यावर पुढच्या वीकांताला, वेळ मिळाला तर.